फडाच्या नावातील ‘सह’ : कांताबाई सातारकर यांची कारकीर्द आणि संगमनेरची तमाशापरंपरा

तमाशाचा इतिहास गायकांच्या वा नटांच्या नावांनी क्वचितच सांगितला जातो. तो फडांच्या नावांनी सांगितला जातो. अमक्याचा फड, तमक्याची बारी, अशीच त्याची परिभाषा आहे. फडाला ज्याचे नाव तो फडाचा धनी, आणि फडाची कीर्ती ती धन्याची कीर्ती, असा हा हिशेब. जिच्या आवाजासाठी आणि पायांतील चाळांच्या बोलांसाठी भोवतालच्या गावांतून लोक बैलगाड्या जुंपून येत, ती स्त्री पुष्कळदा या नावात नसे. असलीच, तर बहुधा ‘सह’ या एका लहानशा शब्दानंतर असे. फडाच्या फलकावर स्त्रीचे नाव येणे, कोणत्या स्थानी येणे आणि त्या नावामागे मालकी असणे वा नसणे, या गोष्टी वरवर क्षुल्लक वाटल्या तरी तमाशातील स्त्रीकलावंताच्या आयुष्याचे सारे मर्म त्यांत साठलेले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर हे ज्यांचे कर्मस्थान झाले, त्या कांताबाई सातारकर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. गाणारी स्त्री फडाची धनीण कशी झाली, आणि त्यासाठी तिला काय काय सांभाळावे लागले, या प्रश्नाचे उत्तर त्या कारकीर्दीत मिळते.

१. फडाची रचना

कांताबाईंच्या आयुष्याकडे वळण्यापूर्वी ‘फड’ या संस्थेचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. तमाशाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिला संगीत बारीचा. यात तबला-पेटीच्या साथीने गायन, नृत्य व अदाकारी यांना प्राधान्य असते, वग नसतो, कला एका जागी, थिएटरात किंवा कलाकेंद्रात सादर होते. याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील जामखेड हे गाव या प्रकाराचे एक केंद्र म्हणून ओळखले जाते. दुसरा प्रकार ढोलकीफडाचा. यात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा क्रम असतो. ढोलकी, हलगी, कडे, तुणतुणे आणि झांज ही वाद्ये असतात. आणि सारा फड गावोगाव फिरता असतो. कांताबाईंची कारकीर्द या दुसऱ्या प्रकारातील होय.

दोन प्रकारांतील हा भेद केवळ सादरीकरणाचा नाही. तो गळ्याचाही आहे. बैठकीत गाणारीला श्रोता हाताच्या अंतरावर असतो. शब्दाची एखादी मुरड, भुवईची एखादी हालचाल तेथे पोहोचते. ढोलकीफडातील गायिकेसमोर मात्र उघडे मैदान, हजारोंचा जमाव आणि कडाडणारी हलगी असते. ध्वनिक्षेपक सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच्या काळात तिला वरच्या पट्टीत, खुल्या गळ्याने, शब्द तोडून न टाकता शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागे. तिच्या मागे उभे असलेले झीलकरी ओळीचा शेवट उचलून धरीत आणि तेवढ्या अवधीत तिने श्वास घ्यावयाचा व पाऊल टाकावयाचे. गायन, नृत्य आणि अभिनय ही तिन्ही कामे एकाच देहाकडून रात्रभर करून घेणारी अशी ही विद्या आहे. तिच्यात शाळा नाही, सनद नाही. फडात राहणे हीच शाळा.

फडाचे अर्थकारणही असेच विशिष्ट आहे. दसऱ्याला फड बाहेर पडावयाचा आणि वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास परतावयाचा, असा त्याचा हंगाम. हंगामाच्या पूर्वार्धात तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या म्हणजे सुपारीचे खेळ मिळतात. रात्री खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, असा यात्रेतील रिवाज. या सुपाऱ्यांचे सौदे पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे होतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पंच येऊन खेळ ठरवून जातात. पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न नसते. त्या काळात कलावंत धन्याकडून उचल घेतो आणि पुढील हंगामात ती काम करून फेडतो. ही उचल म्हणजे एका बाजूने आधार, दुसऱ्या बाजूने बंधन. उचल फिटेपर्यंत कलावंत त्या फडाचा. आणि ती सहसा पुरती फिटत नाही. धनीही सावकाराकडून रक्कम उचलूनच हा व्यवहार चालवितो. म्हणजे पावसाने एखाद्या वर्षी दगा दिला, पीक गेले, यात्रा फिक्या झाल्या, की कर्जाची ही साखळी वरपासून खालपर्यंत ताणली जाते. फडातील स्त्रीच्या स्थानाचा विचार या साखळीला वगळून करता येत नाही.

२. संगमनेरची पूर्वपीठिका

पुणे-नाशिक रस्त्यावर प्रवरेच्या काठी वसलेले संगमनेर शाहिरी परंपरेला नवे नाही. पेशवाईतील प्रसिद्ध शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) हे याच गावचे. नारायणगाव हे त्याच रस्त्यावर दक्षिणेस आहे. त्यामुळे सुपाऱ्यांच्या बाजारपेठेशी संगमनेरचा संबंध सहज राहिला. तथापि, या भागाचे तमाशातील खरे वैशिष्ट्य पुरुष शाहिरांपेक्षा स्त्रीकलावंतांमुळे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ढोलकीफडात स्त्रीची भूमिका ‘नाच्या पोऱ्या’ करीत असे. उमा-बाबू यांच्या ‘मोहना-बटाव’ने १८६५ मध्ये वगाची परंपरा सुरू झाली असे मानतात. वग म्हणजे कथानक. आणि कथानक आले की नायिका आली. पुढे काही दशकांतच फडाच्या बोर्डावर प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली. हा मान परंपरेने ज्यांना दिला जातो त्या पवळाबाई संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील. देवगडच्या खंडोबाचे हे गाव. महार समाजात जन्मलेल्या या स्त्रीच्या नावामागे रसिकांनी ‘नामचंद’ हे विशेषण लावले, यावरून तिच्या लौकिकाची कल्पना येते.

पवळाबाईंची कारकीर्द मुख्यतः पठ्ठे बापूराव यांच्या फडात बहरली. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी (१८६६-१९४५), रेठरे हरणाक्ष या गावचे ब्राह्मण कुळातील शाहीर. त्यांनी लावण्या रचावयाच्या आणि पवळाबाईंनी त्या बोर्डावर जिवंत करावयाच्या, असा हा संयोग होता. दोघांच्या सहवासाने त्या काळच्या समाजात मोठी खळबळ उडाली. बापूरावांना जातीबाहेर पडावे लागले, याची आठवण मराठी वाङ्मयाने जपून ठेवली आहे; नाटक-चित्रपटांचा तो विषय झाला. पवळाबाईंनी काय गमावले याचा हिशेब मात्र त्या मानाने फारच थोड्यांनी मांडला. लावणीच्या शेवटी नाममुद्रा येते ती कवीची. ती गाणाऱ्या गळ्याची मुद्रा कोठेच उमटत नाही. फड बापूरावांचा, रचना बापूरावांची. पवळाबाईंचे नाव लोकांच्या तोंडी होते, पण मालकीच्या कागदावर नव्हते. दोघे विभक्त झाल्यानंतर उभयतांच्याही वैभवाला उतरती कळा लागली.

महाड सत्याग्रहाच्या काळातील एक प्रसंग या संदर्भात सांगितला जातो. बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीस देऊ केले असता, महार समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आपणांस नको, असे सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. या प्रसंगात प्रश्न कलेच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा नव्हता. कष्ट कोणाचे, देह कोणाचा आणि दान देण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होता. पवळाबाईंनंतरच्या प्रत्येक स्त्रीकलावंताच्या वाट्याला तो आला.

३. खाणीतून फडाकडे

कांताबाईंचा जन्म १९३९ मध्ये गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यातील टिंबा या गावी झाला. साहेबराव व चंद्राबाई खाडे हे त्यांचे आईवडील. पोट भरण्यासाठी परमुलखात जाऊन दगडाच्या खाणीत काम करणारे हे कुटुंब होते. पुढे ते साताऱ्यास परतले. घरात तमाशाची परंपरा नव्हती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यासारख्या कलावंतिणीला भाऊ-बापू मांग यांच्या घराण्याचा फड जन्मतःच लाभला होता. कांताबाईंना घराण्याचा फड नव्हता, आणि म्हणून घराण्याचे नावही नव्हते. साताऱ्यात मेळ्यांतून लहानपणीच नृत्य करू लागलेली ही मुलगी तमाशात आली ती गुण आणि गरज या दोन्हींमुळे. साताऱ्याकडील फडांतून व पुढे मुंबईस काम करीत तिने आपला पाया घातला.

हा काळ तमाशाच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आणले. नंतर महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली गेली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळांस वाट मोकळी झाली. या घडामोडीचे दोन परिणाम झाले. ‘लोकनाट्य’ हा शब्द फडांच्या नावात शिरला; आणि वगाचे, म्हणजे कथानकाचे, महत्त्व वाढले. शृंगारिक लावणीपुरतीच जिची ओळख होती ती स्त्री आता ऐतिहासिक, पौराणिक व सामाजिक वगांची नायिका म्हणून उभी राहू शकत होती. ज्या पिढीला हा पालट लाभला त्या पिढीतील कांताबाई होत.

पुढे त्या तुकाराम खेडकर यांच्या फडात आल्या. खेडकर हे त्या काळचे नामवंत तमाशा कलावंत. त्यांच्या फडात वगनाट्य हे मुख्य अंग होते, आणि कांताबाईंना गाण्याच्या व नाचाच्या जोडीला अभिनयास वाव मिळाला. ‘रायगडची राणी’, ‘महारथी कर्ण’, ‘हरिश्चंद्र तारामती’, ‘पाच तोफांची सलामी’ ही त्यांच्या नावाशी निगडित असलेल्या वगांपैकी काही. शीर्षकांवरूनच त्यांच्या भूमिकांचा आवाका समजतो. लावणीत पाऊल आणि नजर बोलावयाची. तारामतीच्या विलापात तोच आवाज करुणेने भरून यावयाचा. ऐतिहासिक वगात त्याच आवाजाला करारीपणा यावयाचा. वगाचे संवाद पुष्कळसे हजरजबाबीपणावर चालतात. सोंगाड्याने अवचित टाकलेल्या शब्दाला नायिकेने तत्क्षणी उत्तर दिले नाही तर रंग उतरतो. म्हणून ढोलकीफडातील गायिका ही केवळ गळ्याची धनी असून भागत नाही. तिला भाषेचीही धनीण व्हावे लागते.

तुकाराम खेडकर आणि कांताबाई यांचा संसारही याच फडात उभा राहिला. येथे नावाचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. संसार खेडकरांशी झाला, घर संगमनेरी झाले, तरीही कलावंत म्हणून त्या अखेरपर्यंत ‘सातारकर’ राहिल्या. तमाशात गाव हेच आडनाव असते. हिवरगावकर, नारायणगावकर, संगमनेरकर ही सारी नावे अशीच घडली. समाजात स्त्रीचे नाव लग्नानंतर पालटते. फडात ते पालटत नाही, कारण ते तिची मिळकत असते. प्रेक्षक त्या नावाने तिला ओळखतो, सुपारी त्या नावावर ठरते. ज्या स्त्रीच्या नावावर शेत नाही, घर नाही, फडही नाही, तिच्याजवळ स्वतःचे म्हणून राहते ते एवढेच. पुढे आलेल्या संकटात कांताबाईंच्या उपयोगी पडले ते हेच नाव.

४. १९६४ ते १९६९

१९६४ मध्ये तुकाराम खेडकर यांचे निधन झाले. संसारात हे दुःख कोणत्याही स्त्रीच्या वाट्यास येते. फडातील स्त्रीच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ आणखी एक असतो. फड ही नोंदलेली पेढी नव्हे. त्याची मालमत्ता म्हणजे कनाती, पेट्या, वाद्ये आणि माणसांकडे अडकलेली उचल; त्याची पत म्हणजे धन्याचे नाव. धनी गेला की ही पत जाते, देणेकरी जागे होतात, आणि माणसे दुसऱ्या फडाचा रस्ता धरतात. ज्या गायिकेच्या आवाजावर वर्षानुवर्षे तंबू भरला तिचा या मालमत्तेत वाटा किती, याचे उत्तर रूढीत नसते. कांताबाईंनाही त्या फडाबाहेर पडावे लागले. वय पंचविशीचे, पदरी मुले, आणि पोटाचे साधन म्हणजे जी विद्या येत होती तीच. पुढील वर्षे ओढाताणीची गेली.

१९६९ मध्ये त्यांनी स्वतःचा फड उभा केला. त्याचे नाव ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर’. दिवंगत धन्याचे नाव प्रथम, आणि ‘सह’नंतर आपले. या नावाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एका बाजूने ती निष्ठा आहे; ज्याच्या फडात आपण घडलो त्याचे नाव बोर्डावर जागते ठेवण्याची. दुसऱ्या बाजूने तो व्यवहारही आहे. खेडकरांच्या नावावर गावोगावचे पंच सुपारी देत आले होते. केवळ एका स्त्रीच्या नावावर ते तितक्या विश्वासाने देतील, अशी खात्री त्या काळी नव्हती. हे दोन्ही अर्थ परस्परविरोधी नाहीत. मात्र तत्त्वतः एक मोठा फरक घडला होता. पवळाबाईंच्या वेळी नाव लोकांच्या तोंडी आणि मालकी दुसऱ्याकडे होती; येथे नाव दुसऱ्या स्थानी असले तरी फडाची सूत्रे तिच्या हाती आली होती.

धनीण होणे याचा व्यवहारातील अर्थ काय, हे स्पष्ट केले पाहिजे. हंगामापूर्वी सावकाराकडून रक्कम उभी करणे, ती उचलीच्या रूपाने कलावंतांत वाटणे, ढोलकीवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत साऱ्यांचा जम बसविणे, वाहने व तंबू यांची व्यवस्था, पोलीस व ग्रामपंचायतीचे परवाने, यात्रेच्या पंचांशी सौदा, पाऊस आल्यास बुडालेला खेळ, आणि हुल्लडबाजी झाल्यास फडातील मुलींची राखण, ही सारी कामे धन्याची. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. म्हणजे तितक्या कुटुंबांची चूल एका माणसाच्या निर्णयावर पेटते. रात्री दहा वाजता तोंडाला रंग लावून बोर्डावर उभे राहावयाचे आणि पहाटे खेळ संपल्यावर हिशेबाची वही उघडावयाची, असा हा क्रम. गायिकेचा गळा बसला तर पूर्वी फक्त तिची कमाई जात असे. आता साऱ्या फडाची जाई. विठाबाईंविषयी प्रसिद्ध असलेली हकीकत, खेळ चालू असताना प्रसूत होऊन त्या पुन्हा बोर्डावर आल्याची, पुष्कळदा केवळ धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तीमागे जी निकड असते ती फडाच्या या रचनेतून येते. थांबणे परवडत नाही, हे त्या धैर्याचे दुसरे नाव आहे.

कांताबाईंनी फड टिकविला, एवढेच नव्हे तर त्यात पुढील पिढी घडविली. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर सोंगाड्या व नर्तक म्हणून नावारूपास आले, आणि कन्यांनीही फडात काम केले. कालांतराने फड ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखला जाऊ लागला. पित्याच्या जागी पुत्राचे नाव आले. ‘सह’ जेथल्या तेथे राहिले. याउलट विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या फडाच्या नावात आईचे नाव प्रथम येते व ‘सह’नंतर पुत्र नितीनकुमार यांचे. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिली असता एका पिढीत झालेला पालट नजरेस भरतो. पहिल्या नावातील स्त्रीने जी वाट पाडली, तिच्यावरूनच दुसऱ्या नावातील स्त्री पुढे चालत गेली, असे म्हणता येईल.

५. इतरत्र आढळणारे साम्य

गायिकेने स्वतःचे नाव व स्वतःची मंडळी मिळविण्याची ही धडपड महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. उत्तर प्रदेशातील नौटंकीत गुलाबबाई यांनी १९३१ मध्ये, बालवयात, त्रिमोहनलाल यांच्या मंडळीत प्रवेश केला आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास ‘ग्रेट गुलाब थिएटर कंपनी’ ही स्वतःची संस्था काढली. १९९० मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. नौटंकीतही पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करीत, हे साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील ग्रामीण ‘कंट्री’ संगीतात एकट्या स्त्रीचे गाणे चालत नाही, अशी ध्वनिमुद्रिका-व्यवसायाची समजूत होती. किटी वेल्स हिच्या गाण्याने १९५२ मध्ये त्या प्रकारातील लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थान मिळवून ती खोटी ठरविली. मात्र एक फरक आहे. तेथील गायिकेचा आवाज तबकडीवर उतरून तिच्या मागे राहिला व त्यावर तिचे नाव छापले गेले. ढोलकीफडातील आवाज बहुतांशी त्या रात्रीबरोबरच विरून गेला. म्हणून येथील स्त्रीकलावंताची कीर्ती साठविण्याचे साधन एकच उरले : फड. तो चालू असेतो नाव चालू.

६. उत्तरकाळ

कांताबाईंच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धात तमाशाभोवतीचे जग झपाट्याने पालटले. प्रथम चित्रपट, मग दूरदर्शन व चित्रफिती गावात पोहोचल्या. रंगबाजीत पारंपरिक लावणीची जागा चित्रपटगीते घेऊ लागली; फडांना विजेचे झगमगाट, मोठे रंगमंच व वाद्यवृंद बाळगावे लागले, आणि त्यामुळे भांडवलाची गरज, म्हणजेच कर्ज, वाढले. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २०००च्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आले. जो वग पहाटेपर्यंत रंगत असे त्याला या बंधनाने कात्री लागली. गण, गवळण व रंगबाजी आटोपेतो वेळ संपू लागली आणि कथानक आखडले. ज्या वगाने कांताबाईंच्या पिढीला लावणीपलीकडची ओळख दिली होती, तोच वग सर्वांत आधी आक्रसला, ही या काळाची एक खिन्न करणारी बाब होय.

सन्मान उशिरा आले. महाराष्ट्र शासनाने विठाबाईंच्या स्मरणार्थ तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई ठरल्या. ज्या विठाबाईंच्या अखेरच्या दिवसांतील हलाखी महाराष्ट्राने पाहिली होती, त्यांच्या नावाचा हा पुरस्कार त्यांच्याच एका समकालीन फडमालकिणीला मिळावा, हे उचितच होते. पुढे याच पुरस्काराने संगीत बारीच्या गुलाबबाई संगमनेरकर यांचाही गौरव झाला; संगमनेरच्या नावाशी जोडलेल्या दोन स्त्रिया, एक ढोलकीफडाची व एक बारीची, अशा रीतीने एका मालिकेत आल्या. डॉ. संतोष खेडलेकर यांनी कांताबाईंचे चरित्र लिहिले. पवळाबाईंच्या आयुष्याचे तपशील आख्यायिकांतून वेचावे लागतात. कांताबाईंचे आयुष्य ग्रंथात नोंदले गेले, हाही एक पालटच म्हणावा लागेल.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे यात्रा बंद झाल्या. सुपाऱ्यांचा ऐन हंगाम हातचा गेला. पुढील वर्षीही तेच झाले. उचल आणि सावकार यांच्या साखळीवर चालणाऱ्या या व्यवसायाला एकामागोमाग दोन हंगाम बुडणे म्हणजे काय, हे वर सांगितलेल्या रचनेवरून समजेल. अशा दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस, २५ मे २०२१ रोजी, त्याच साथीने संगमनेर येथे कांताबाईंचे निधन झाले.

७. निष्कर्ष

या कारकीर्दीवरून तीन गोष्टी निघतात. पहिली ही, की ढोलकीफडातील स्त्रीचे स्थान तिच्या कलेने ठरत नसून फडाच्या मालकीने ठरते. पवळाबाई व कांताबाई यांच्यातील अंतर हे गुणांचे नाही, मालकीचे आहे. दुसरी, घराण्याचा वारसा नसतानाही हे स्थान मिळविता येते. मात्र त्यासाठी गायिकेला गाण्यापलीकडची सारी विद्या, हिशेबाची, सौद्याची व माणसे सांभाळण्याची, शिकावी लागते. तिसरी, हे स्थान मिळाल्याने तिची सुटका होत नाही. पूर्वी ती ज्या कर्जाच्या साखळीच्या शेवटी होती, तिच्या आता ती मध्यभागी येते. उचल देणारी तीच आणि सावकाराची देणेदारही तीच.

लोककलेच्या अभ्यासात लावणीचे शब्द, चाली व ताल यांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती होणे इष्टच आहे. तिच्या जोडीला फडांचे फलक, सुपारीचे करार आणि हिशेबाच्या वह्या हेही अभ्यासाचे साहित्य मानले पाहिजे. गाणाऱ्या स्त्रीच्या आयुष्याची नोंद पुष्कळदा तेथेच सापडते. टिंब्याच्या खाणकामगारांची मुलगी साताऱ्याचे नाव घेऊन निघाली आणि संगमनेरी शंभर माणसांच्या पोटाची धनीण झाली, हे त्या फलकावर ‘सह’ या दोन अक्षरांपुढे लिहिलेले आहे.